मुंगीची पहिली मैत्रीण

सोफेवाल्याची मुलगी आठ महिन्यांची असल्यापासून त्याच्या पायांशी वाढली. बायको तिकीट खिडकीवर नोकरीला होती. तिची रजा संपली, सकाळी सातला डबा घेऊन ती बाहेर पडू लागली आणि त्या दिवसापासून मुलगी बापाकडे आली. त्याचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. लोक आपल्या बसक्या खुर्च्या, कुरकुरणारे सोफे आणून टाकायचे. तो त्यांचं पोट फाडून जुना काथ्या बाहेर काढायचा, नवा फोम भरायचा, वरून कापड ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचा. पोर रांगायला लागली तेव्हा त्याने एका मोडक्या कोचाची चौकट उलटी करून तिच्यासाठी कुंपण केलं आणि दिवसातून तीन वेळा लोहचुंबक घेऊन अख्खी फरशी झाडायला लागला. एकही चूक जमिनीवर राहू द्यायचा नाही. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव पडलं मुंगी.

गिऱ्हाइकं म्हणायची, "तुम्हाला कसं जमतं हो हे?" तो खांदे उडवायचा; पण आतून अशी काही ऊब यायची की विचारू नका. मुंगी पहिला शब्द बोलली तो 'बाबा'. दुसरा 'कात्री'. तीन वर्षांची होईपर्यंत काथ्या, कापूस, दाभण, कातडं सगळं ती स्वच्छ, ठसठशीत बोलायची. मुद्दाम शिकवलं होतं त्याने. लोकांची पोरं अजून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि आपली बघा, असं त्याला वाटायचं. तो ठोकायला लागला की ती चुकांचा डबा धरून उभी राहायची. त्याने हात पुढे केला की हातात चूक. मध्ये एक शब्द नाही. तेव्हा त्याला वाटायचं, जगात आपल्याला आणखी काही नको.

मग वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं.

एक निवृत्त लिफ्टमन, ठार बहिरे म्हणावेत इतके कमी ऐकणारे. त्यांची मुलगी, जी दिवसभर कुठल्याशा दुकानात केस कापायची. आणि चार वर्षांची नात. नातीचं नाव ठकी. तिसऱ्याच दिवशी ही ठकी जिना उतरून कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. नाक वाहत होतं, एक मोजा होता, दुसरा नव्हता.

"ताता, मी येऊ?"

सोफेवाल्याला आधी कळेचना की ताता कोण. मग उमगलं. पोर 'क'ला 'त' म्हणत होती. आपणच ते काका.

"ये की," तो म्हणाला. नाही कशाला म्हणायचं?

पहिले काही दिवस त्याला मजाच वाटली. दोघी एकाच खोलीत, हातभर अंतरावर, पण एकमेकींकडे पाठ. मुंगी कापडाच्या तुकड्यांची चळत लावायची, ठकी फोमचे ठोकळे दाबून सोडायची. मधूनच एक दुसरीकडे चोरून बघायची आणि लगेच नजर फिरवायची. थोड्या वेळाने मुंगीही फोम दाबायला लागायची, ठकी कापडाची चळत लावायला. बोलणं शून्य. सोफेवाला मनात म्हणाला, चला, शेजारी आहे, शेजारी राहील.

मग बटणावरून जुंपली. मखमल मढवलेलं मोठं बटण होतं, खुर्चीच्या पाठीला लावतात तसं. दोघींनी एकदमच धरलं. ओढाताण, किंचाळणं, शेवटी ठकीने मुंगीच्या दंडाला चावा घेतला. मुंगी रडत धावत आली ती थेट बापाच्या कुशीत. त्याने दंडावर फुंकर घातली, पाठीवरून हात फिरवला. खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्याला बरं वाटत होतं. ठकी कोपऱ्यात बटण घेऊन उभी होती, ओठ थरथरत होते. आता घरी जाईल, त्याला वाटलं.

पण मुंगीचे हुंदके थांबले तशी तिने मान वळवून ठकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती बापाच्या मांडीवरून घसरून खाली उतरली, बटणांच्या डब्यातून दुसरं एक बटण काढलं आणि चालत जाऊन तिच्यापुढे धरलं.

"हे पण घे. रडू नको."

सोफेवाला दाभण हातात धरून बसून राहिला. मुंगीने स्वतःहून कुणाला काही दिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यालासुद्धा नाही. बिस्किटाचा तुकडा मागितला तरी "माझं" म्हणून पाठीमागे लपवणारी ही पोर. आणि चावणारीला बटण?

त्या दिवसापासून हातभर अंतर गेलं ते गेलंच. कारखान्यात आलेल्या प्रत्येक सोफ्याची कधी गाडी व्हायची, कधी दवाखाना. ठकी ठरवायची, मुंगी दुरुस्त करायची. "तू आजारी." "नाही, मी डॉक्टर." "मद मी आजारी, पण थूप आजारी." एवढ्यावर दोघींचं जमून जायचं. एका दुपारी सोफ्याची आगगाडी झाली होती. सोफेवाल्याने हातातलं काम खाली ठेवलं, फरशीवर दोन पायांवर बसला आणि आर्जवाने म्हणाला, "मला पण एक तिकीट द्या ना हो बाई."

मुंगीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाडी भरली, बाबा."

तीन माणसं बसतील एवढ्या सोफ्यावर दोन चिमुरड्या बसलेल्या. "सरकून घ्या की थोडं."

"नाही. तू काम कर."

तो हसला. उठताना गुडघा दुखला. मग दुपारभर तो चुका जरा जास्तच जोरात ठोकत होता.

त्यानंतर त्याला सगळंच खुपायला लागलं. सकाळी डोळे उघडले की मुंगी विचारायची, "ठकी उठली?" जेवायला बसली की, "ठकी काय जेवली?" तिच्यासारखा एक मोजा काढून टाकून फिरायची. चुकांचा डबा धरायला यायची नाही. हात पुढे केला की तो तसाच हवेत राहायचा. तरी हे सगळं त्याने गिळलं. पण एके दिवशी ती समोर आली आणि म्हणाली,

"बाबा, तात्री दे."

"काय?"

"तात्री."

"कात्री म्हण, मुंगे. कात्री. क, क."

"ठती तात्री म्हणते," मुंगी म्हणाली, आणि आपलं बरोबरच आहे अशा तोऱ्यात हात पुढे करून उभी राहिली.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं! तीन वर्षं त्याने एकेक अक्षर घासूनपुसून तिच्या तोंडात बसवलं होतं आणि एका नाकवाहत्या पोरीने महिन्याभरात ते पुसून टाकलं. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं तर ती खो खो हसली. "येईल परत. पोरं पोरांकडूनच शिकतात," म्हणाली. तिला काय जातंय हसायला, तो मनात म्हणाला.

आणि मग कानगोष्टी. दोघी कानाला तोंड लावून कुजबुजायच्या आणि फिसकन हसायच्या. मुंगीला अजून धड कुजबुजता येत नव्हतं, नुसती कानात गरम फुंकर घालायची. तरी एकदा त्याने विचारलंच, "काय सांगितलं गं तिने?"

मुंगीने दोन्ही हात तोंडावर धरले. "ते आमचं आहे."

आमचं. तोवर तिला 'माझं' येत होतं आणि 'बाबाचं' येत होतं. हा शब्द नवा होता.

पुढच्या मंगळवारची गोष्ट. मुंगीला जरा कणकण होती, ती दुपारी मागच्या खोलीत झोपली होती. ठकी दारात आली.

"ताता, मुंदी तुठेय?"

"झोपलीय."

ठकी गेली. झोपलीय हे त्या दिवशी खरंच होतं. पण मुंगी उठली, ताजीतवानी होऊन बाहेर आली, त्याच्या मांडीवर बसून दूध प्यायली, आणि संध्याकाळपर्यंत दोघंच होती. तिने चुका दिल्या, त्याने ठोकल्या. किती दिवसांनी! त्याला वाटलं, आपलं घर परत आलं.

बुधवारी ठकी आली तेव्हा मुंगी मागे पाण्यात भातुकलीची भांडी बुचकळत होती. नळ चालू होता, तिला काही ऐकू गेलं नाही. "झोपलीय," सोफेवाला म्हणाला. जीभ अडखळली नाही. ठकी पायरीवर बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत वर गेली. त्याने तिची पाठ पाहिली आणि कापड ताणायला घेतलं.

"ठती आली?" मुंगीने विचारलं.

"नाही."

"ता?"

इथे तो गप्प राहिला असता तरी निभावलं असतं. पण पोर "ता, ता" करत राहिली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिला नसेल खेळायचं तुझ्याशी."

मुंगी रडली नाही. नुसती उभी राहिली. मग तिने विचारलं, "मी चावले?"

"नाही गं. चल, आपण एक गंमत करू."

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याने तेच केलं. ठकी आली की दारातच, "झोपलीय." शुक्रवारी तर त्याने ठकीच्या वेळेच्या आधीच पुढचं दार ओढून घेतलं. गिऱ्हाइकाचा सोफा बाजूला ठेवून त्याने मुंगीसाठी वीतभर उंचीची आरामखुर्ची केली. खरा फोम, खरी मखमल, पाठीला चार बटणं. मुंगी ती हातात घेऊन बसली. त्याने आगगाडीचा आवाज काढला, स्वतः आजारी पडला, ठणठणीत बरा झाला. ती बघत राहिली, जसं एखादं मोठं माणूस लहान पोराचा खेळ बघतं तसं. मधेच तिने विचारलं, "बाबा, तुला कंटाळा आला?"

'कंटाळा' तिने स्वच्छ म्हटलं. 'क' परत आला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता.

शनिवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यातली खुर्ची दाखवायला आल्या. बरोबर त्यांची भाची होती, पाच-एक वर्षांची, दोन वेण्या, हातात फुगा. बाई कापडाचे नमुने उलटत होत्या. भाची मुंगीजवळ गेली आणि फुगा पुढे करून म्हणाली, "फुगा फुगा खेळायचं?"

एरवी मुंगीने तिला हाताला धरून सोफ्यावर नेलं असतं. आज ती दोन पावलं मागे सरकली, भिंतीला टेकली, आणि अगदी शांतपणे विचारलं,

"तुला माझ्याशी खेळायचं नसेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी नमुन्यांतून मान वर केली. "अगंबाई! असं का गं म्हणतेस? कोण म्हणालं असं?"

मुंगी फरशीकडे बघत राहिली. तिने बापाकडेही पाहिलं नाही. भाची फुगा घेऊन आपल्या मावशीच्या पदराआड गेली. बाई पुढे निळ्या रंगाबद्दल काहीतरी बोलत राहिल्या, सोफेवाला "हो, हो" म्हणत राहिला. त्याच्या कानांत एकच वाक्य घुमत होतं. ते वाक्य त्याने दिलेलं होतं. कात्री, काथ्या, कापूस यांच्यासारखंच, आपल्या हाताने तिच्या तोंडात बसवलेलं.

रविवारी बायकोला सुट्टी. सकाळी ती मटार सोलत बसली होती, मुंगी अजून अंथरुणात होती. तो समोर बसला आणि सगळं सांगून टाकलं. मंगळवारपासूनचं. सांगताना नजर मटारावर.

बायको आधी हसायला लागली, कारण एवढा मोठा बाप्या चार वर्षांच्या पोरीवर जळत होता. मग शेवटचं ऐकलं आणि तिचं हसू थांबलं. तिने शेंग खाली ठेवली.

"असं म्हणाली? तुला माझ्याशी खेळायचं नसेल ना, असं?"

"हो."

"शाबास तुझी." तिने सोललेले मटार बाजूला सारले. मग म्हणाली, "एक विचारू? मी कामावरून यायचे ना, ती दीड वर्षांची असताना, तेव्हा ती काय करायची आठवतं?"

"काय?"

"तुझ्या पायामागे लपायची. माझ्याकडे यायचीच नाही. मी हात पुढे करून तिथे दारात उभी, आणि तू म्हणायचास, 'अगं, आई आहे ती.' हसत हसत म्हणायचास. मी तिकडे खिडकीत दिवसभर लोकांची पोरं बघायचे, आयांच्या कडेवरची. इथे येऊन तुला बघायचे. मला कसं व्हायचं, तुला सांगून कळलं नसतं."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुझ्याकडून हिसकावून घेऊ का? तुझ्यावर जीव टाकत होती, ते चांगलंच होतं ना तिच्यासाठी. आधी एक माणूस घट्ट लागतं पोराला, मगच ते दुसऱ्याकडे जातं. ते माणूस मी नव्हते, तू होतास." तिने शेंग परत उचलली. "मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचे आणि पोळ्यांना लागायचे. पण तिला कधी म्हटलं नाही, बाबाला तू आवडत नाहीस म्हणून."

तो मान खाली घालून बसला. मग विचारलं, "आता काय करू?"

"वर जा. त्या पोरीला सांग. तिच्या आजोबांना नाही, तिला. आणि मग हिला."

जिन्याच्या पायऱ्या फक्त चौदा होत्या, पण त्याला मधे दोनदा थांबावं लागलं. दार आजोबांनीच उघडलं. त्यांच्या पायामागे ठकी उभी होती, आज दोन्ही मोजे घातलेली, आणि तिने त्याला पाहून तोंड फिरवलं.

"आजोबा, मला ठकीशी बोलायचंय. मी तिच्याशी खोटं बोललो."

"काय म्हणालात?"

"खोटं बोललो."

"हो हो, मोठंच बोला," आजोबा कानामागे हात धरून म्हणाले. "हळू बोललेलं मला काही कळत नाही."

"मी खोटं बोललो!" सोफेवाला ओरडला. शेजारचं दार किलकिलं झालं. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. त्याचे कान तापले. तो दोन पायांवर खाली बसला, ठकीच्या उंचीला आला.

"मुंगी झोपली नव्हती, ठके. एकच दिवस झोपली होती. बाकी मी खोटंच सांगितलं."

ठकीने हळूच तोंड इकडे वळवलं. "ता?"

एवढा साधा प्रश्न. त्याने जिना चढताना उत्तर जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "मला वाटलं, ती तुझीच होईल आणि माझी राहणार नाही."

ठकीने यावर विचार केला. कपाळाला आठी घालून केला. "ती माझी नाहीये," ती म्हणाली. "ती मुंदी आहे. मी ठती आहे." मग जरा थांबून, "तुम्हाला तोणी मैत्रीण नाही?"

वरून बघणारं माणूस फस्सकन हसलं.

मुंगीला सांगणं जास्त अवघड गेलं. ती त्या छोट्या आरामखुर्चीवर एक बटण बसवून त्याला थोपटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठकी रोज आली होती?"

"रोज आली होती."

"आणि तू नाही म्हटलं?"

"हो."

तिने मूठ वळून त्याच्या गुडघ्यावर मारली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. त्याने मारू दिलं. मग ती उठली आणि आईकडे गेली. बापावर रागावून ती पहिल्यांदाच आईच्या कुशीत शिरली होती. बायकोने तिला उचलून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय वगैरे काही नव्हतं; पण आनंद होता, आणि तिने तो लपवलाही नाही. त्याला तोही बोचला.

पुढचा आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मुंगी दारातच सांगायची, "बाबा खोटं बोलला." डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी फक्त "असं होय?" म्हटलं आणि निळंच कापड पक्कं केलं.

ठकी सोमवारी खाली आली. त्याला वाटलं होतं, आता दोघी धावत एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. ठकी दाराशी उभी, मुंगी खिडकीशी. त्याच्या जिभेवर शब्द आले होते: जा गं, खेळा गं, मिठी मारा. बायकोने बजावून ठेवलं होतं, मध्ये पडू नकोस. तो पाठ करून कामाला बसला आणि तोंडात चुका धरल्या, म्हणजे बोलायला जागाच नको.

मागून काही आवाज नाही. मग फोम दाबल्याचा आवाज. मग थोड्या अंतरावर दुसरा. परत सगळं पहिल्यापासून. एक तास गेला असेल. मग मुंगीचा आवाज आला, हलका, चाचपडत. "तू आजारी?"

फोम दाबल्याचा आवाज थांबला.

"थूप," ठकी म्हणाली.

सोफेवाल्याने एक चूक तोंडातून काढून ठोकली. वाकडी गेली. उपटून दुसरी ठोकली.

हेवा काही गेला नाही. कानगोष्ट सुरू झाली की अजूनही त्याचा हातोडा अडखळायचा. पुढे दोघी बालवाडीत जायला लागल्या आणि मुंगीच्या तोंडी आणखी तीन-चार नावं आली, तेव्हा त्याला ठकी निदान ओळखीची तरी वाटायला लागली, एवढंच. पण दर रविवारी मुंगीचे केस धुणं, जे तीन वर्षं त्याचं काम होतं, ते त्याने कुणी न सांगता बायकोकडे दिलं. "माझे हात खरखरीत झालेत," असं काहीतरी कारण दिलं. बायकोने एक भुवई वर केली आणि साबण उचलला.

पहिल्या रविवारी मुंगीने भोकांड पसरलं, "बाबाच पाहिजे!" तो पुढच्या खोलीत कान लावून बसला होता, आणि एवढं ऐकून त्याचा जीव सुखावला. तिसऱ्या रविवारी आतून रडणं आलं नाही. पाण्याचा आवाज, मग बायकोचं कसलं तरी वेडंवाकडं गाणं, मग दोघींचं एकदम फुटलेलं हसू. कशाला हसत होत्या कोण जाणे. तो टॉवेल घेऊन उठला, दारापर्यंत गेला, हात वर केला. आत मुंगी म्हणत होती, "आई, आणखी एकदा."

त्याने टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि परत येऊन एका गिऱ्हाइकाची खुर्ची उसवायला घेतली.